सोलापूरच्या रस्त्यांची वार्षिक देखभाल: काम कधी व्हायला हवं आणि पैसा कुठून येतो

परतीचा पाऊस ओसरला की सोलापुरात रस्त्यांच्या तक्रारींना जोर चढतो. मग पॅचवर्क सुरू होतं, दिवाळीपर्यंत मुख्य रस्ते जरा बरे दिसू लागतात, संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा मार्ग नीट केला जातो. पुढच्या पावसाळ्यात त्यातले बरेच खड्डे त्याच जागी पुन्हा उघडतात. निकृष्ट काम हे त्याचं एक कारण आहेच. पण मुळातली अडचण पैशाच्या रचनेत आहे. नवा रस्ता करायला महापालिकेला बाहेरून निधी मिळतो. झालेला रस्ता सांभाळायला मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही. तो खर्च स्वतःच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः तुमच्या-आमच्या मिळकतकरातून करावा लागतो. म्हणून देखभालीचं नियोजन कसं चालतं, ते कुठे अडतं आणि पैसे कोणत्या खान्यातून येतात, हे सोलापूरकरांनी समजून घेणं फार गरजेचं आहे.

आधी रस्ता कोणाचा ते पाहा

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्ते बांधणं, सांभाळणं आणि सुधारणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. यातला 'सार्वजनिक' हा शब्द महत्त्वाचा. शहरातून जाणारे काही रस्ते राष्ट्रीय महामार्ग यंत्रणेकडे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. त्यांवर महापालिकेने खर्च केला तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि नाही केला तर लोक महापालिकेलाच बोलतात.

दुसरा, जास्त नाजूक प्रकार हद्दवाढ भागातला. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचा विस्तार सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाला. जुन्या गावठाणाभोवतीच्या शेतजमिनींवर लेआउट पडले, गुंठेवारीची घरं उभी राहिली. लेआउटमधला रस्ता जोवर रीतसर महापालिकेकडे हस्तांतरित होत नाही, तोवर त्याच्या देखभालीला पैसा टाकता येत नाही. सोसायटीने कर भरला, नळ आला, दिवे आले, तरी रस्ता कागदावर खाजगीच राहिलेला असू शकतो. वर्षानुवर्षं मागणी करूनही ज्या गल्लीचं काम यादीत येत नाही, तिथे सर्वांत आधी ही कागदपत्रं तपासावीत.

रस्ता मोडतो तो पाण्यामुळे

सोलापुरात पाऊस तसा कमी, आणि त्यातही सप्टेंबरमध्ये जास्त. मग कोकणासारखा पाऊस नसताना रस्ते का उखडतात, असा प्रश्न साहजिक आहे. उत्तर बरंचसं जमिनीखाली आहे. आपल्याकडची काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यांत शेतात भेगा पडतात, तशाच रस्त्याखालीही पडतात. रस्त्याची कड बाजूने उघडी असल्यामुळे तिथली माती आधी सुकते आणि आधी भिजते. म्हणून डांबरावर कडेपासून दोन-तीन फुटांवर लांबच लांब, रस्त्याला समांतर भेग दिसते. ही भेग गाड्यांच्या भाराने पडलेली नसते, खालच्या मातीच्या हालचालीने पडलेली असते. तिच्यावर नुसतं कार्पेट, म्हणजे डांबराचा नवा थर, टाकलं तर एक-दोन हंगामांत ती वर येतेच.

एकदा भेग पडली की पाणी आत शिरतं आणि खडीच्या थराखालचा मुरूम मऊ होतो. वरून जड वाहन गेलं की डांबर खाली दबतं, मग जाळीदार भेगा, मग तुकडे सुटणं, मग खड्डा. वाहनाच्या एका ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळा पट होतं. गाळप हंगामातला ऊस, वाळू-खडीचे डंपर, पाण्याचे टँकर ज्या रस्त्यांवरून जातात ते रस्ते शेजारच्या रस्त्यांच्या कितीतरी आधी का बसतात, याचं उत्तर या गणितात आहे. ओल्या पायावरून गेलेला एक भरलेला डंपर कोरड्या रस्त्यावरच्या कित्येक गाड्यांपेक्षा महाग पडतो.

म्हणून रस्त्याच्या देखभालीतलं पहिलं काम डांबराचं नाही, पाणी बाहेर काढण्याचं आहे. डांबरी रस्त्याला मध्यापासून दोन्ही कडांकडे साधारण २.५ टक्के उतार लागतो. रस्ता ७ मीटर रुंद असेल तर मधला भाग कडेपेक्षा जवळपास ९ सेंटिमीटर उंच हवा. पेठांतल्या अनेक गल्ल्यांत हा उतार उरलेलाच नाही. दरवेळी जुन्या थरावर नवा थर चढत गेला, रस्ता घरांच्या उंबऱ्याला लागला, गटाराची तोंडं बुजली, ड्रेनेजचे चेंबर खाली खड्ड्यात गेले. अशा ठिकाणी आधी जुना थर मिलिंग मशीनने खरवडून काढायला हवा. कामाच्या अंदाजपत्रकात 'मिलिंग' ही बाब नसेल, तर रस्ता आणखी वर जाणार हे आधीच ओळखावं. साईडपट्टीही तशीच. कडेला मुरूम-मातीचा ढीग रस्त्याहून उंच असेल तर पाणी रस्त्यावरच थांबतं. फावड्याने आणि जेसीबीने चार-सहा इंच साईडपट्टी उतरवणं हे देखभालीतलं सर्वांत स्वस्त काम आहे. तेच सर्वांत जास्त राहून जातं.

देखभाल तीन प्रकारची

पहिली रोजची: गटारं, साईडपट्टी, भेगा भरणं, खड्डे, चेंबरची झाकणं. दुसरी ठरावीक वर्षांनी येणारी: रस्ता अजून धड आहे, पण डांबर जुनं होऊन कडक आणि फिकट झालंय, वरची बारीक खडी सुटू लागलीय, अशा वेळी त्यावर २५-३० मिमीचा नवा थर द्यायचा. साधारण ५ ते ६ वर्षांनी हे करावं लागतं, जड वाहतूक असेल तर आधीच. तिसरी, रस्ता खालपासून गेला असेल तेव्हा उकरून पुन्हा बांधणं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतला खर्चाचा फरक साधारण चार-पाच पट पडतो. वेळेवर कार्पेट चुकलं की दोन-तीन पावसाळ्यांत रस्ता पुनर्बांधणीच्या यादीत जातो. म्हणून अनुभवी अभियंते यादी करताना सर्वांत खराब रस्त्यापासून सुरुवात करत नाहीत. सगळा निधी पूर्ण मोडलेल्या चार रस्त्यांवर घातला, तर तेवढ्यात वीस 'बरे' रस्ते त्या पंगतीला येऊन बसतात. लोकांना हे पटवणं अवघड आहे. धड दिसणाऱ्या रस्त्यावर डांबर पडताना पाहिलं की 'इथे कशाला? आमच्याकडे टाका' असं म्हणणं स्वाभाविक आहे. पण भेगा पडण्याआधीच्या त्या थरानेच पैसे वाचतात. मोडलेल्या रस्त्यासाठी वेगळा, भांडवली निधी शोधावा. देखभालीचा पैसा त्यात ओतू नये.

यादी कशी करायची

पावसाळा संपता संपता, ऑक्टोबरमध्ये, प्रत्येक झोनच्या कनिष्ठ अभियंत्याने रस्ते चालत पाहायचे. गाडीतून खड्डे दिसतात, भेगा दिसत नाहीत. रस्त्याचे १०० मीटरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी एकेक ओळ लिहायची: रुंदी, शेवटचा थर कधी आणि किती जाडीचा, भेगांचं क्षेत्र अंदाजे किती टक्के, खड्डे किती, चाकोरी पडली का, पाणी कुठे साचतं, चर कोणी खोदला. चाकोरी मोजायला २ मीटरची सरळ पट्टी आणि एक मोजपट्टी पुरते. पट्टी आडवी ठेवायची आणि खाली किती मिलिमीटर फट आहे ते पाहायचं.

याच वहीत एक रकाना फार महत्त्वाचा: दोष दायित्व कालावधी कधी संपतो. करारात लिहिलेल्या या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, आणि त्यासाठीच त्याची सुरक्षा ठेव अडकवून ठेवलेली असते. हा रकाना रिकामा असेल तर ज्या खड्ड्याचा खर्च ठेकेदाराचा, तोही महापालिकेच्या पॅचवर्कमध्ये बुजतो. शिवाय मुदत संपण्याच्या महिना-दोन महिने आधी संयुक्त पाहणी करून दोषांची यादी लेखी द्यायला हवी. ठेव परत गेल्यावर पत्रव्यवहाराला काही अर्थ उरत नाही.

एका गल्लीचा हिशेब

जुळे सोलापुरातली एखादी वसाहत डोळ्यांसमोर आणा. रस्ता ४०० मीटर लांब, डांबर ५.५ मीटर रुंद. क्षेत्र झालं २,२०० चौरस मीटर. त्यावर दबलेल्या अवस्थेत ३० मिमीचा थर द्यायचा म्हणजे ६६ घनमीटर माल. दबलेल्या डांबरी मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३५ टन धरतात. म्हणजे सुमारे १५५ टन, १० टनी टिपर धरले तर पंधरा-सोळा खेपा. थर २० मिमीच पडला, तर माल १०३ टन, टिपर दहा. फरक पाच खेपांचा. तो वजनकाट्याच्या पावत्यांत दिसतो, आणि गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या माणसालाही मोजता येतो.

जुन्या आणि नव्या थरात चिकटपणा यावा म्हणून आधी टॅक कोट मारायचा, चौरस मीटरला पाव किलो इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर). या गल्लीला साडेपाचशे किलो, म्हणजे २०० लिटरचे जवळपास तीन बॅरल. झाडलोट न करता धुळीवर टॅक कोट मारला, किंवा एका बॅरलमध्ये पाणी घालून काम भागवलं, तर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. चौकातल्या वळणांवर आणि ब्रेक लागतात तिथे हे आधी दिसतं.

मालाचं तापमान ही पुढची गोष्ट. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिश्रण टाकताना किमान १४० अंश सेल्सिअस हवं आणि रोलिंग ९० अंशांच्या वर असतानाच संपायला हवं. प्लँट शहराबाहेर, टिपरला ताडपत्री नाही, वाटेत रेल्वे फाटक, मग माल पसरणाऱ्या पेव्हर यंत्रापाशी रांग. माल थंड झाला की तो कितीही दाबला तरी आतल्या पोकळ्या राहतात आणि पहिल्याच पावसात त्यातून पाणी उतरतं. वरून मात्र रस्ता काळाभोर दिसतो. म्हणून साइटवर थर्मामीटर असलाच पाहिजे. पन्नास-साठ किलो मालाच्या ढिगात चार इंच आत खुपसून आकडा वहीत लिहायला एक मिनिट लागतो.

आता हाच हिशेब झोनला लावा. समजा एका झोनमध्ये १०० किलोमीटर डांबरी रस्ते आहेत, सरासरी रुंदी ५.५ मीटर. क्षेत्र साडेपाच लाख चौरस मीटर. सहा वर्षांचं चक्र धरलं तर दरवर्षी सुमारे ९२ हजार चौरस मीटरवर थर द्यायला हवा. दर चौरस मीटरला ४५० रुपये धरा (हा आकडा फक्त हिशेब दाखवण्यासाठी आहे, खरा दर त्या वर्षीच्या दरसूचीतून घ्यायचा). रक्कम होते चार कोटींच्या थोडी वर. त्यात खड्डे, गटारं, साईडपट्टी, चेंबर वर उचलणं यांची भर घालायची. एका झोनचं हे गणित. सोलापुरात असे आठ झोन आहेत. ही रक्कम अंदाजपत्रकात दिसत नसेल तर सहा वर्षांचं चक्र दहा-बारा वर्षांचं झालं आहे, असा त्याचा सरळ अर्थ.

पैसा कुठून येतो, आणि कुठे अडतो

महापालिकेच्या अंदाजपत्रकाच्या दोन बाजू असतात. भांडवली बाजूला नव्या वस्तू: नवा रस्ता, पूल, इमारत. महसुली बाजूला चालू खर्च: पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, औषधं, आणि रस्त्यांची देखभाल. भांडवली बाजूला बाहेरचा निधी भरपूर दारांनी येतो. नगरोत्थान महाअभियान, जिल्हा नियोजन समिती, वस्ती सुधार योजना, आमदार निधी, आणि २०१६ च्या जानेवारीत पहिल्या वीस शहरांत निवड झाल्यापासून स्मार्ट सिटी. या योजनांचं उद्दिष्ट नवी मालमत्ता उभी करणं हे असतं. मालमत्ता झाली की ती महापालिकेच्या अंगावर येते. स्मार्ट सिटी अभियान मार्च २०२५ मध्ये संपलं, पण त्यात झालेल्या रस्त्यांच्या कडेचे पदपथ, ब्लॉक, चेंबर, दिवे यांची देखभाल आता दरवर्षी करायचीच आहे.

केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी तरी देखभालीला वापरता येईल असं वाटतं. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे दहा लाखांखालचं शहर. २०२१ ते २०२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने अशा शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छता-घनकचरा यांसाठी बांधून ठेवला. मोकळा राहिलेला ४० टक्के भाग सगळ्या खात्यांनी मागितलेला असतो.

मग उरतं महसुली उत्पन्न. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला, आता त्याऐवजी राज्याकडून जीएसटी भरपाईचं अनुदान येतं. त्याचा मोठा वाटा पगारात जातो. पाण्याच्या बाजूला उजनीहून पाणी उपसून आणण्याचं वीजबिल आहे, ते थांबवता येत नाही. ही सगळी देणी भागल्यावर उरलेल्या रकमेतून रस्त्यांची देखभाल होते, आणि ही रक्कम कमी-जास्त होते ती मिळकतकराच्या वसुलीवर. वसुली मार्चमध्ये होते. रस्त्याला पैसा लागतो ऑक्टोबर ते मे. हा मेळ बसत नाही, म्हणून ठेकेदाराची बिलं पुढच्या वर्षावर ढकलली जातात.

ही थकलेली बिलं हेच अंदाजपत्रकातलं सर्वांत फसवं ठिकाण आहे. 'रस्ते दुरुस्ती' या शीर्षाखाली समजा १० कोटी दिसले. त्यातले ४ कोटी मागच्या वर्षीच्या कामांचं देणं असेल तर नव्या कामाला ६ कोटीच राहतात. शिवाय बिल वर्षभर मिळणार नाही हे माहीत असलेला ठेकेदार निविदेतला दर तेवढा वाढवून भरतो, किंवा मालात वसूल करतो. वेळेवर पैसे देणारी महापालिका त्याच रकमेत जास्त रस्ता करून घेते. म्हणून अंदाजपत्रक वाचताना पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर थांबू नका. शेजारच्या रकान्यांत मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च आणि चालू वर्षाचा सुधारित आकडा असतो. तरतूद १० कोटी आणि प्रत्यक्ष ३ कोटी असं दोन-तीन वर्षं चाललं असेल तर नवी तरतूदही तशीच समजावी.

आणखी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. प्रभागांमध्ये निधी समान वाटला की भांडण मिटतं, पण सगळीकडे शंभर-दोनशे मीटरचे तुकडे होतात. रोलर-पेव्हर आणण्याचा खर्च प्रत्येक तुकड्याला पुन्हा पडतो आणि प्रत्येक जोडावर पाणी शिरायला जागा मिळते. वाटप रस्त्यांच्या लांबीवर आणि स्थितीवर व्हावं. दुसरी गोष्ट खोदाई शुल्काची. केबल, गॅस, पाण्याच्या जोडणीसाठी रस्ता खोदणाऱ्याकडून पूर्ववत करण्याचे पैसे घेतले जातात. ते सर्वसाधारण जमेत मिसळले की पगारात जातात आणि चर तसाच राहतो. त्यासाठी स्वतंत्र खातं हवं, आणि त्यातला पैसा फक्त चर भरण्यालाच लागला पाहिजे.

देखभाल न करण्याचाही खर्च आता आकड्यात आला आहे. खड्डा किंवा उघड्या चेंबरमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला.

वर्षभराची घडी

इथे बहुतेक वेळा चूक होते ती क्रमाची. कायद्यानुसार पुढच्या वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात आणि त्याच सुमारास अंदाजपत्रक मंजुरीच्या वाटेवर असतं. १ एप्रिलला नवं वर्ष सुरू झालं की मग एकेका कामाचं अंदाजपत्रक करणं, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, दर मंजुरी, करारनामा, कार्यादेश. याला तीन-चार महिने सहज जातात. कार्यादेश हातात येतो तेव्हा जुलै असतो. पावसात डांबर टाकता येत नाही, त्यामुळे काम नोव्हेंबरला जातं आणि मार्चअखेर बिलासाठी घाई होते.

हे टाळायचं तर ऑक्टोबरची पाहणी नोव्हेंबरअखेर यादीत उतरायला हवी, डिसेंबर-जानेवारीत कामांची अंदाजपत्रकं आणि तांत्रिक मान्यता, फेब्रुवारी-मार्चमध्ये निविदेची प्रक्रिया. मग एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कार्यादेश देता येतो आणि एप्रिल-मे असे दोन कोरडे महिने हाती लागतात. मेअखेर नाले आणि गटारांची तोंडं साफ, खोदाईची परवानगी बंद, सगळे चर पक्के भरलेले. जून ते सप्टेंबर फक्त तातडीचं काम, तेही इमल्शनवरच्या, गरम न करता वापरायच्या कोल्ड मिक्सने. खड्ड्यात मुरूम टाकणं हा चार दिवसांचा उपाय. पुढच्या सरीत त्याचा चिखल होतो आणि दुचाकी घसरतात.

खड्ड्यांसाठी झोननिहाय वार्षिक दरकरार असावा, म्हणजे प्रत्येक वेळी निविदा काढावी लागत नाही. पैसे टनावर द्यायचे की चौरस मीटरवर, हा वादाचा मुद्दा आहे. टनावर दिले तर माल जास्त दाखवला जातो, चौरस मीटरवर दिले तर थर पातळ होतो. मोजमाप पुस्तकात प्रत्येक खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहायची आणि त्यातून निघालेलं वजन वजनकाट्याच्या पावतीशी ताडून पाहायचं, हाच त्यावरचा व्यवहार्य मार्ग.

एक खड्डा नीट बुजवायचा तर

खड्डा १ मीटर लांब, ८० सेंमी रुंद, ६ सेंमी खोल धरा. आधी त्याच्याभोवती खडूने चौकोन आखायचा. नुसत्या खड्ड्याभोवती नाही, भेगाळलेला भाग संपतो तिथपर्यंत. कटरने किंवा छिन्नीने कडा उभ्या कापायच्या. सैल खडी, माती, पाणी काढून तळ कोरडा करायचा, तळाला आणि उभ्या कडांना टॅक कोट लावायचा. माल लागतो सुमारे ११३ किलो. घमेल्यात २० किलो धरले तर पाच-सहा घमेली. सैल माल दबून जवळपास पाचव्या हिश्शाने बसतो, म्हणून ६ सेंमीच्या खड्ड्यात साडेसात सेंमीपेक्षा थोडा जास्तच सैल माल भरायचा. दबाई कडांपासून मध्याकडे, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा हातरोलरने. शेवटी पॅच रस्त्यापेक्षा पाचेक मिमी वर राहिला पाहिजे, कारण वाहतुकीने तो आणखी थोडा बसतो. कडेचा जोड डांबराने बंद करायचा.

प्रत्यक्षात कडा कापल्या जात नाहीत. तिरप्या कडेवर माल पातळ होत जातो, तिथून तो चुरतो आणि पॅचभोवती गोल खड्डा तयार होतो. फावड्याच्या पाठीने चार ठोके आणि टिपरचं चाक फिरवणं ही दबाई नव्हे. चाक मधोमध दाबतं, कोपरे सैल राहतात.

चर

नळाच्या जोडणीचा चर साधारण ६० सेंमी रुंद आणि १.२ मीटर खोल असतो. त्यातून निघालेली काळी माती परत त्यातच ढकलली आणि दाबली नाही, तर ती १० टक्के जरी बसली तरी वरचा रस्ता १२ सेंमी खाली जातो. आपल्याकडे रस्त्यावर आडव्या पडलेल्या नाल्या दिसतात त्या अशाच झालेल्या. नीट काम म्हणजे काळी माती गाडीत भरून बाहेर नेणं, पाइपखाली आणि भोवती वाळू किंवा बारीक मुरूम, त्यावर मुरूम १५-१५ सेंमीच्या थरांत पाणी मारून आणि रॅमरने दाबून, मग खडीचा थर, आणि वर डांबर टाकताना चराच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी जास्त कापून. पाइपची चाचणी चर बुजवण्याआधी व्हायला हवी. गळका जोड वर्षभर रस्त्याखाली पाणी मुरवत राहतो आणि त्या जागी कितीही वेळा पॅच मारला तरी टिकत नाही. नळाला पाणी येण्याच्या दिवशीच एखादा खड्डा ओला दिसत असेल, तर तक्रार रस्ते विभागाकडे न करता पाणीपुरवठ्याकडे करा.

काँक्रीटच्या रस्त्याने हे प्रश्न संपत नाहीत, ते बदलतात. त्याला खड्डे कमी पडतात, पण स्लॅबच्या जोडांमधलं सीलंट काही वर्षांनी सुटतं आणि तिथून पाणी खाली काळ्या मातीत जातं. पाइप नेण्यासाठी रस्त्याखाली आडवे डक्ट (नळ्या) आधी टाकले नसतील तर पहिल्याच नळजोडणीला स्लॅब फोडावा लागतो, आणि फोडलेला स्लॅब पुन्हा एकजीव होत नाही. म्हणून काँक्रीटीकरणाआधी त्या रस्त्यावरच्या प्रत्येक मिळकतीची पाणी आणि ड्रेनेजची जोडणी पूर्ण आहे का, हे झोन कार्यालयाने लेखी द्यावं असा आग्रह धरा.

नागरिकांनी काय मागावं

काम चालू असताना फलक पाहा: कामाचं नाव, रक्कम, थराची जाडी, दोष दायित्व कालावधी. फलक नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची पानं, डांबराच्या चाचणीचे अहवाल आणि वजनकाट्याच्या पावत्या, इतकंच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. 'सर्व माहिती द्यावी' असा अर्ज केला की काहीच हाती येत नाही.

देखभालीची मागणी जुलैत करून उपयोग नाही, तेव्हा निधी आणि हंगाम दोन्ही हातचे गेलेले असतात. पाऊस थांबल्यावर तासाभराने गल्लीत फिरा. जिथे अजून पाणी उभं आहे तिथला फोटो काढा, त्यावर तारीख, वेळ आणि जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक लिहा, आणि ऑक्टोबरची पाहणी सुरू होण्याआधी तो तुमच्या झोन कार्यालयात देऊन पोच घ्या.